मांडणी आपली, रेघ मुलाची

माझ्याकडे दीड ते आठ वर्षांची मुलं चित्रं काढायला येतात. त्यांना सोडायला येणारे आईबाबा बहुतेक वेळा एकच विचारतात, "ताई, याला चित्रकलेची आवड कशी लावायची?" दीड वर्षाच्या मुलाच्या हाती खडू आला आणि समोर भिंत असली की काय होतं, हे बहुतेक घरांनी पाहिलेलं असतं. आवड मुळात असतेच. ती टिकेल अशी मांडामांड करायची आणि मग मुलाच्या हातातला खडू काढून घ्यायचा नाही, एवढं आपलं काम. पहिलं काम कुणालाही शिकता येतं. दुसऱ्याला फार संयम लागतो. दोन्ही मी कशी करते ते इथे लिहिते आहे.

आधी हात बघा

नवीन मूल आलं की मी वय विचारते, पण लक्ष असतं ते रेघ कुठून निघते आहे यावर. दीड-दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून अख्खा हात फिरवतं. रेघ मोठी, जोरकस येते आणि कागदाबाहेर जाते. पुढे कोपर फिरायला लागतं, मग मनगट, आणि चार-पाच वर्षांच्या सुमाराला बोटं रेघ वळवू लागतात. कुणी मागे लागलं म्हणून हा क्रम लवकर उरकत नाही. खांद्यातून रेघ ओढणाऱ्या मुलापुढे वहीचं छोटं पान आणि टोकदार पेन्सिल ठेवली, तर ते दोन मिनिटांत उठून जाणारच. आपण म्हणतो, याला गोडी नाही. खरं तर त्याला जागा नसते.

त्याला ए-थ्री (झेरॉक्सच्या नेहमीच्या पानाच्या दुप्पट) किंवा त्याहून मोठा कागद द्या. एका बाजूने छापलेला असला तरी चालतो. चारही कोपरे मास्किंग टेपने टेबलाला नाहीतर फरशीला चिकटवा, कारण कागद सरकू लागला की मुलाचं सगळं लक्ष तो धरून ठेवण्यात जातं. कागद भिंतीवर, मुलाच्या खांद्याच्या उंचीला लावला तर आणखी छान. उभ्या कागदावर मनगट मागे वळतं आणि बोटांना जोर येतो. शिवाय मूल दोन पावलं मागे सरून आपलं काम बघू शकतं. तीन वर्षांची मुलंही असं मागे जाऊन बघतात, मग काहीतरी ठरवून परत येतात.

खडूबद्दल एक युक्ती. नवे लांब मेणखडू मी मोडते आणि दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे करून डबीत ठेवते. एवढासा तुकडा मुठीत नीट बसत नाही, तो अंगठा आणि दोन बोटांतच धरावा लागतो. "खडू असा धर" हे सांगायची वेळ येत नाही. मात्र हे तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी. त्याहून लहान मुलं वस्तू तोंडात घालतात, त्यांना जाड आणि अख्खा खडूच द्यायचा. मणी, टिकल्या, बटणं हेही त्यांच्यापासून लांब ठेवायचं.

रेघोट्यांत काय काय असतं

अमेरिकेत बालवाड्यांमध्ये काम केलेल्या रोडा केलॉग यांनी लहान मुलांची सुमारे 10 लाख चित्रं जमवली. त्यांतून त्यांनी रेघोट्यांचे 20 मूळ प्रकार वेगळे काढले: ठिपका, उभी रेघ, आडवी, तिरपी, नागमोडी, गोल गोल फिरत राहणारी, आतल्या आत गुंडाळत जाणारी, असे. पुढच्या सगळ्या चित्रांचं भांडवल याच रेघांत असतं. त्यामुळे "नुसतं गिरगटतोय" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. मूल त्या वेळी हाताने काय केल्यावर कागदावर काय उमटतं हे शोधत असतं, आणि ते फार मन लावून शोधत असतं.

तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक दिवस मूल रेघ जिथून सुरू केली तिथेच परत आणून मिळवतं. गोल बंद होतो. हा क्षण नीट बघा, कारण त्यानंतर कागदाला आत आणि बाहेर अशा दोन बाजू मिळतात. थोड्याच दिवसांत त्या गोलात दोन ठिपके येतात, खाली दोन रेघा लोंबतात आणि डोक्यालाच पाय फुटलेला माणूस तयार होतो. याला पोट कुठे आहे, मान कुठे आहे, असं विचारायचं नाही. जगभरातली मुलं आधी असाच माणूस काढतात. पोट पुढे आपसूक येतं.

पाच वर्षांच्या एका मुलाने माझ्यासमोर बस काढली होती. एक लांब आयत, खालच्या बाजूला दोन चाकं आणि वरच्या बाजूला दोन. शेजारी त्याची आजी उभी होती. ती म्हणाली, "अरे, ही दोन चाकं आकाशात गेली की!" तो मान वर न करता म्हणाला, "ती पलीकडच्या बाजूची आहेत. नाही काढली तर बस पडेल." मग त्याने बसच्या पोटात सगळी माणसं काढली, त्यांच्या पिशव्यांसकट, आणि पिशव्यांच्या आतलं सामानही. जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने 1927 मध्येच हे मांडून ठेवलं आहे: या वयाचं मूल डोळ्यांना दिसतं ते काढत नाही, त्याला वस्तूबद्दल जे ठाऊक आहे ते काढतं. बसला चार चाकं असतात हे त्या मुलाला पक्कं ठाऊक होतं. भिंतीतून आरपार दिसणारी घरं, आईपेक्षा मोठं काढलेलं मांजर, कागदाच्या वरच्या कडेला चिकटलेली निळी पट्टी म्हणजे आकाश, हे सगळं याच हिशेबाने येतं. यात दुरुस्ती करायला गेलात, तर तुम्ही त्याला ठाऊक असलेलं खोडता.

रंग कमी, ब्रश जाड

चोवीस रंगांची पेटी लहान मुलाला देऊ नका. पहिल्या दिवशी मी पिवळा आणि निळा, दोनच रंग ठेवते. प्रत्येक रंगाची वाटी वेगळी आणि प्रत्येक वाटीचा ब्रश वेगळा. हिरव्याचं नावही काढत नाही. कागदावर पिवळ्याशेजारी निळा ओला असताना गेला की हिरवा त्यांच्या डोळ्यांसमोर होतो, आणि तो त्यांनी स्वतः केलेला असतो. पुढच्या वेळी पांढरा ठेवायचा, म्हणजे फिका-गडद हा सगळा खेळ सुरू होतो. लाल त्यानंतर. लाल, पिवळा आणि निळा तिन्ही एकदम दिले तर पाच मिनिटांत सगळं तपकिरी होतं, आणि आपण केलेलं काही उरलं नाही असं मुलाला वाटतं.

काळा रंग लपवून ठेवू नका. मुलं काळा मागतात, कारण पांढऱ्या कागदावर तो सगळ्यात ठसठशीत उठतो. मुलाने सगळं काळ्याने रंगवलं म्हणजे ते दुःखी आहे, असा अर्थ मी एका चित्रावरून कधीच काढत नाही, तुम्हीही काढू नका.

रंग इतका घट्ट ठेवा की ब्रश उचलल्यावर ओघळणार नाही. वाटी बुटकी आणि पसरट, निम्म्याहून कमी भरलेली. ब्रश दीड-दोन सेंटिमीटर रुंदीचा, चपटा, आखूड दांड्याचा. अंगात मोठ्या माणसाचा जुना शर्ट उलटा घालायचा, म्हणजे बटणं पाठीवर. खाली जुनी चादर, हाताशी ओलं फडकं. रंग विषारी नसल्याचं वेष्टनावर लिहिलेलं असावं. एवढं केलं की मग "सांडू नको" हे शब्द बोलायचे नाहीत. सांडायची ज्याला भीती आहे, त्याच्या हातून रेघ निघत नाही.

काही मुलांना हात बरबटलेला आवडत नाही. त्यांना बोटाने रंगवायचा आग्रह करू नका. बंद होणाऱ्या जाड प्लास्टिक पिशवीत दोन रंग घालून तोंड टेपने बंद करा आणि पिशवीवरून बोट फिरवायला द्या. आणि जे मूल कागद बिघडेल म्हणून हातच लावत नाही, त्याला ब्रश आणि साध्या पाण्याचा मग देऊन उन्हात फरशीवर नाहीतर भिंतीवर सोडा. ओली रेघ थोड्या वेळात वाळून जाते. बिघडायला काही राहतच नाही म्हटल्यावर तेच मूल तासभर रंगवत बसतं. अशी भिडस्त मुलं आठवडा-दोन आठवड्यांत आपणहून कागद मागतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

कात्री देण्याआधी कागद फाडू द्या. फाडायला दोन्ही हात लागतात आणि दोघांची दिशा उलटी असते, म्हणजे कात्रीची अर्धी तयारी तिथेच होते. नंतर बोथट टोकाची, पण नीट कापणारी कात्री आणि जाडसर कागदाची बोटभर रुंद पट्टी द्यायची. एका घावात तुकडा पडतो, मुलाला जमल्याचं कळतं. पातळ कागद कात्रीत दुमडतो, तो सुरुवातीला नको. फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांनी 1941 मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाल्यानंतर पुढच्या काळात कात्रीलाच कुंचला केलं. मदतनीस कागद रंगवून देत आणि ते पेन्सिलची खूण न करता थेट आकार कापत. रंगीत तुकड्यांच्या वळणातून केलेली त्यांची 1953 ची गोगलगाय पावणेतीन मीटरहून रुंद आहे. मुलांना ती दाखवली की आधी तुकडे दिसतात, गोगलगाय नंतर सापडते, आणि मग फाडलेल्या तुकड्यांचा ढीग जमिनीवर घेऊन बसायला कुणाला सांगावं लागत नाही.

बोलायचं काय

सगळ्यात जास्त मी पालकांशी बोलते ते यावर. मूल चित्र दाखवतं आणि आपल्या तोंडून निघतं, "वा, छान!" किंवा "काय काढलंयस?" दोन्ही टाळा. "छान" म्हटलं की बोलणं तिथेच संपतं, आणि पुढच्या वेळी मूल चित्र काढता काढता आपल्या तोंडाकडे बघू लागतं. "काय काढलंयस?" या प्रश्नाला दोन वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं, कारण त्याने काही काढलेलं नसतं, रेघ फिरवलेली असते. आपण विचारलं म्हणून ते काहीतरी नाव ठोकून देतं.

त्याऐवजी कागदावर जे आहे ते म्हणा. "ही रेघ इथून निघाली आणि पार त्या कोपऱ्यात जाऊन आली." "इथे खूप जोरात दाबलंयस, इथे हळू." "लाल एकाच जागी आहे." एवढं म्हणून गप्प राहा. हे गप्प राहणं महत्त्वाचं. दहा-पंधरा सेकंदांत मूल स्वतः बोलू लागतं, आणि ते जे बोलतं ते तुम्हाला विचारून कधीच मिळालं नसतं. तीन-चार वर्षांच्या पुढच्या मुलाला "याबद्दल सांगतोस का?" इतकं पुरतं. सांगायचं नसेल तर नाही.

"मला येत नाही, तू काढून दे" हे वाक्य चार वर्षांनंतर हमखास येतं. काढून दिलंत तर मुलाला आपली रेघ आणि तुमची रेघ शेजारी शेजारी दिसते, आणि पुढे ते तुमच्यासारखीच काढायचा प्रयत्न करतं. एका मुलीला हत्ती हवा होता. मी म्हटलं, "सोंड कशी असते, हाताने दाखव." तिने हात नाकापाशी नेला आणि खाली सोडला. "आता सोंडेने जमिनीवरचं उचल." ती वाकली, हात वळवून वर नेला. "पाय कसे टाकतो?" खोलीभर जड पावलं टाकत फिरली. मग मी काही म्हणायच्या आतच कागदापाशी जाऊन बसली आणि तिने पहिली काढली ती सोंड, जमिनीपासून तोंडापर्यंत वळलेली. बाकीचा हत्ती सोंडेच्या मागून आला. अंगाने कळलेली गोष्ट हातातून उतरते. मांजर हवं असेल तर मांजराला हात लावल्यावर कुठे मऊ लागलं ते विचारा. झाड हवं असेल तर झाडाला मिठी मारून खोड दोन हातांत मावतं का ते बघायला पाठवा.

छापील आकार भरायच्या रंगवह्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यांत रेघ दुसऱ्याची असते. मुलाच्या चित्रांचे टप्पे मांडणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांचाही त्यांना ठाम विरोध होता. प्रवासात वेळ घालवायला एखादी वही हाताशी असली तर असू द्या, पण चित्राच्या वेळी ती कपाटात. बघून बघून काढायला लावणाऱ्या व्हिडिओंचंही तेच.

चित्रं बघणं

काढण्याइतकंच बघणंही लहानपणी सुरू व्हायला हवं, आणि त्याला संग्रहालयच जवळ असावं लागतं असं नाही. एक मोठी, स्वच्छ छापलेली प्रत जमिनीवर ठेवा आणि भोवती बसा. चित्रकाराचं नाव, साल, शैली काहीही आधी सांगू नका. अबिगेल हाउसन आणि फिलिप येनावाइन यांनी संग्रहालयातल्या कामातून तीन प्रश्न तयार केले, मी तेच वापरते: या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतेस? आणखी काय दिसतंय? मधला प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण तो मुलाला परत चित्राकडे पाठवतो. उत्तर बरोबर की चूक हे सांगायचं नाही. मूल जे दाखवेल त्यावर बोट ठेवायचं आणि त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत म्हणायचं.

सुरुवातीला पीटर ब्रॉयगेल यांचं 1560 चं मुलांच्या खेळांचं चित्र घ्या. मूळ चित्र व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात आहे. त्यात 200 हून जास्त मुलं आहेत आणि 80 च्या आसपास खेळ. कुणी चाक पळवतंय, कुणी उंच काठ्यांवर चालतंय, कुणी पिंपावर बसलंय, कुणी वाकलेल्याच्या पाठीवरून उडी मारतंय. मुलांना आपले खेळ सापडतात आणि ती एकमेकांना ओढून दाखवू लागतात. एकदा एक सहा वर्षांची मुलगी बराच वेळ चेहऱ्यांवरून बोट फिरवत होती. शेवटी म्हणाली, "खेळतायत सगळे, पण हसत कुणीच नाहीये." अभ्यासकांना पडलेला प्रश्न तिला आपण होऊन पडला होता. त्यावर मुलांत जे बोलणं झालं त्यात मी फक्त "कशावरून?" एवढंच विचारत होते.

जपानी चित्रकार होकुसाई यांचं मोठ्या लाटेचं चित्रही चांगलं. लाटेखालच्या होड्या मुलं लगेच शोधतात, पण मागचा फुजी पर्वत त्यांना आधी दुसरी छोटी लाटच वाटतो. बघून झाल्यावर "आता अशीच लाट काढा" म्हणू नका. कागद आणि रंग शेजारी ठेवलेले असू द्या. कुणी काढेल, कुणी भलतंच काढेल.

बक्षीस नको

1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्र काढायला मुळात आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, आणि काहींना दिलंच नाही. पुढे वर्गात रंगीत पेनं सहज ठेवली तेव्हा, बक्षिसाच्या बोलीवर काढलेली मुलं त्या पेनांशी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ रमली. म्हणून चित्रासाठी चॉकलेट नको, चांदणी नको, आणि आठ वर्षांखालच्या मुलांना स्पर्धेतही पाठवू नका.

सात-आठच्या सुमाराला मुलं खोडरबर मागू लागतात. शेजारच्याचं चित्र "खरं" दिसतं आणि आपलं नाही, याची बोच तिथे सुरू होते. या वयात मी पेन्सिल काढून साधं पेन देते आणि एक खेळ खेळते: समोर चप्पल ठेवायची, नजर चपलेच्या कडेवरून मुंगीच्या चालीने न्यायची आणि कागदाकडे न बघता पेन तसंच चालवायचं. सगळ्यांचीच चप्पल वेडीवाकडी येते, त्यामुळे कुणाचं चांगलं हा प्रश्न उरत नाही, आणि रेघा मात्र इतक्या जिवंत येतात की मुलं स्वतःच चकित होतात.

जपून ठेवताना

चित्राच्या मागे पेन्सिलने तारीख आणि मुलाचं वय लिहा. त्याने काही सांगितलं असेल तर त्याच्याच शब्दांत लिहा, सुधारून नको. पुढच्या बाजूला काही लिहायचं नाही, नावसुद्धा नाही, मुलाने स्वतः लिहिलं तर गोष्ट वेगळी. चित्रकार पॉल क्ले यांनी 1911 पासून आपल्या कामाची सूची करायला घेतली तेव्हा निवडक बालपणीची चित्रंही तीत नोंदवली. ती नोंदवता आली, कारण कुणीतरी ती ठेवली होती.

सगळंच ठेवणं कुणाला शक्य नसतं. महिन्याअखेरीला चित्रं जमिनीवर पसरा आणि कुठली ठेवायची ते मुलाला निवडू द्या. तुम्हाला फार आवडलेलं एखादं त्याने बाजूला टाकलं तर मागून घ्या, "हे मी माझ्यासाठी ठेवू का?" मातीच्या वस्तू तडकतात, त्यांचे ओल्या असतानाच दोन बाजूंनी फोटो काढा. भिंतीवर लावायची चित्रं मुलाच्या नजरेच्या उंचीला लावा. आणि कुणाला चित्र भेट द्यायचं असेल किंवा रद्दीत घालायचं असेल, तर आधी ज्याचं आहे त्याला विचारा.